मोठ्यांची शाळा : प्रौढांना लिहायला-वाचायला आणि इंग्रजी शिकवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी प्रस्तावना

प्रौढ साक्षरता म्हणजे शाळेचे वय उलटून गेलेल्या माणसाने वाचन, लेखन आणि हिशेब शिकणे. भारतात पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी हे काम चालते आणि त्याचा मोठा भार स्वयंसेवकांच्या खांद्यावर असतो. निवृत्त मुख्याध्यापिका, राष्ट्रीय सेवा योजनेतली विद्यार्थिनी, बचत गटाचे हिशेब लिहिणारी शिकलेली सून, पाळी संपल्यावर वस्तीत वर्ग घेणारा कारखान्यातला तरुण अशी माणसे मोबदला न घेता आठवड्यातले काही तास यासाठी देतात. त्याच वर्गात आता इंग्रजीचीही मागणी होते. औषधाची पट्टी, बँकेचा संदेश, मुलाच्या शाळेचे पत्र, नोकरीचा अर्ज या सगळ्यांत इंग्रजी समोर येते. या दोन्ही कामांचे स्वरूप, त्यांचा इतिहास, पद्धती आणि मर्यादा स्वयंसेवकाला आधीच माहीत असाव्यात. या साऱ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे : प्रौढ माणूस स्वतःच्या कामासाठी शिकायला येतो, आणि ते काम कोणते हे कळल्याशिवाय त्याला काय शिकवायचे हे ठरवता येत नाही.

साक्षर कोणाला म्हणायचे

भारताच्या जनगणनेत सात किंवा त्याहून अधिक वर्षे वयाची, कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकणारी व्यक्ती साक्षर धरली जाते. नुसते वाचता येते पण लिहिता येत नाही, अशा माणसाची गणना साक्षरांत होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते, पुरुषांमध्ये ८८.३८ आणि स्त्रियांमध्ये ७५.८७ टक्के. म्हणजे दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक निरक्षर होती. प्रौढांच्या वर्गात बहुतेक ठिकाणी बायकाच जास्त दिसतात, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

व्याख्या काळाबरोबर रुंदावत गेली. युनेस्कोने १९५८ मध्ये रोजच्या जगण्याविषयीचे छोटे, सोपे विधान समजून वाचता-लिहिता येणे ही किमान पायरी मानली. १९७८ मध्ये तिच्या जोडीला कार्यात्मक साक्षरतेची कल्पना आली : ज्या समाजात माणूस राहतो, तिथली लिहिण्या-वाचण्याची आणि हिशेबाची कामे त्याला स्वतः करता आली पाहिजेत. ही दुसरी कसोटी स्वयंसेवकाच्या अधिक उपयोगाची आहे. सही करता येणाऱ्या पण पासबुकातली शिल्लक न वाचता येणाऱ्या बाईचे शिक्षण कुठे अडले आहे, हे या कसोटीवर लगेच कळते.

एका शतकाहून जुने काम

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबई शहरात साक्षरतेची मोहीम झाली. त्याच दशकात फ्रँक लॉबाक हे अमेरिकी मिशनरी भारतात आले होते. फिलिपाइन्समधल्या लानाओ भागात १९३० च्या सुमारास त्यांनी मारानाओ भाषेचे चित्रतक्ते तयार केले होते आणि जो शिकला त्याने आणखी एकाला शिकवावे, ही रीत तिथे रूढ केली होती. शिकवण्यासाठी शिक्षकाची पदवी लागत नाही. नेमकी साधने आणि थोडा सराव असला की साधा माणूसही शिकवू शकतो, हा विश्वास त्या रीतीमागे होता. जगभरची स्वयंसेवी साक्षरता आजही त्या विश्वासावर उभी आहे.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढल्या काही वर्षांत ती इतर जिल्ह्यांत पसरली. शाळेतले शिक्षक, गावातले शिकलेले तरुण आणि ग्रामस्थ मिळून वर्ग चालवीत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. गावाने गावाला शिकवायचे, ही तिची खरी ताकद होती. पण समारंभ झाल्यावर जिथे वाचायला काही हाती राहिले नाही, त्या गावांतले अनेक नवसाक्षर शिकलेले विसरले. हा धडा पुढच्या प्रत्येक मोहिमेने नव्याने घेतला.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. दोन्हींचा भर १५ ते ३५ वयोगटावर होता. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात हजारो स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन शिकवले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये तो देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या यशानंतर जिल्हा हा घटक धरून संपूर्ण साक्षरता अभियाने देशभर निघाली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा हे सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी होते. ८ मार्च २०१६ रोजी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे येऊ लागल्या. शिकण्याला वयाची अट नसते हे त्या गावाने सगळ्या देशाला दाखवले.

इंग्रजी शिकवण्याच्या स्वयंसेवी परंपरेचा एक ठळक टप्पा अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात राहणाऱ्या रूथ कॉल्विन यांना आपल्याच परिसरात हजारो प्रौढांना नीट वाचता येत नाही हे जनगणनेच्या आकड्यांतून कळले आणि १९६२ मध्ये त्यांनी स्वयंसेवक तयार करायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या देशांतून आलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षणही त्यांच्या संस्थेने सुरू केले. २००२ मध्ये ही संस्था लॉबाक यांच्या संस्थेत विलीन होऊन प्रोलिटरसी ही संस्था झाली. एका स्वयंसेवकाने एका किंवा दोघा-तिघा शिकणाऱ्यांबरोबर बसायचे, आधी ठरावीक तासांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि शिकणाऱ्याचे उद्दिष्ट विचारूनच धडा आखायचा, ही या परंपरेची शिस्त आहे. मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेले मराठी आई-वडील तिथल्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला बसतात, तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा असाच एखादा स्वयंसेवक असतो.

शिकणारा माणूस

निरक्षर प्रौढ हा शिकण्यात मागे पडलेला माणूस असतो, असे समजणे चूक आहे. बहुतेकांची शाळा परिस्थितीने सुटलेली असते. धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलगी घरी राहिली, आई-वडील ऊसतोडीला गेले आणि मूल त्यांच्याबरोबर फडावर गेले, गुरे राखायला दुसरे कोणी नव्हते, तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न झाले. त्यानंतर या माणसांनी अक्षरांवाचून संसार चालवला आहे. मोटार कोणत्या गावाची हे ती चालकाला विचारून घेतात, गोळ्या रंगावरून ओळखतात, उधारी तोंडपाठ ठेवतात, आणि खिडकीवर कोणी फॉर्म पुढे केला की चष्मा घरी राहिल्याचे सांगतात. स्मरणशक्ती, व्यवहारज्ञान आणि माणसे ओळखण्याची नजर हे त्यांचे भांडवल असते, आणि शिकवणाऱ्याने ते वापरायचे असते.

येण्याची कारणे नेमकी असतात. कोणाला बँकेत अंगठा न लावता सही करायची असते. कोणाला बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते तपासायचे असते. कोणाला पोथी स्वतः वाचायची असते, कोणाला नातवाचा अभ्यास घ्यायचा असतो, कोणाला मुंबईत लोकल चुकवायची नसते. न येण्याची कारणेही तितकीच नेमकी असतात : लोक हसतील ही भीती, घरातल्यांची नाराजी, दिवसभराचा थकवा, आणि 'या वयात डोक्यात काय शिरणार' ही समजूत.

ही समजूत खोटी आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूचे आधीचे आणि नंतरचे चित्रण संशोधकांनी केले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिशीतल्या या माणसांच्या मेंदूत वाचनामुळे बदल झाल्याचे दिसले, तेही मेंदूच्या खोलवरच्या भागांपर्यंत. प्रौढ मेंदू शिकतो. त्याला नियमित सराव हवा असतो.

शिकण्यात येणारा अडथळा पुष्कळदा डोळ्यांचा असतो. चाळिशी ओलांडली की जवळचे धूसर दिसू लागते. अशी बाई अक्षर ओळखत नाही म्हणून गप्प बसली असे वाटते, प्रत्यक्षात तिला अक्षर दिसतच नसते. वर्ग सुरू करण्याआधी सर्वांची नेत्रतपासणी करून घेणे, जवळचे चष्मे मिळवून देणे, फळ्यावर मोठे अक्षर काढणे आणि पुरेसा उजेड असेल तिथे बसणे, एवढ्याने अनेकांची निम्मी अडचण दूर होते.

पहिली अक्षरे

लहान मुलाला मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवण्याची आपली रीत प्रौढाला कंटाळवाणी होते. अ ते ज्ञ संपेपर्यंत त्याला एकही उपयोगाचा शब्द वाचता येत नाही आणि तेवढ्यात तो यायचा थांबतो. म्हणून सुरुवात त्याच्या जगण्यातल्या शब्दापासून करतात. शिक्षणतज्ज्ञ पावलू फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या आंजिकोस गावात सुमारे तीनशे कामगारांना अंदाजे चाळीस तासांत वाचायला शिकवले ते याच मार्गाने. आधी त्या लोकांच्या तोंडचे, त्यांच्या कष्टांशी बांधलेले शब्द गोळा करायचे, त्या शब्दावर चर्चा करायची, मग तो अक्षरांत फोडायचा, आणि त्या अक्षरांची स्वरमाला मांडून नवे शब्द घडवायचे. त्यातली स्वरमाला ही आपल्या बाराखडीसारखीच मांडणी आहे. त्यामुळे ही पद्धत मराठीला सहज मानवते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या वर्गाचे उदाहरण घ्यावे. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेला तिथे उचल म्हणतात. वर्षाचा सगळा हिशेब या एका शब्दाभोवती फिरतो : किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली. त्यावर बोलायला प्रत्येकाकडे काही ना काही असते. लिहायला हा शब्द विलक्षण सोपा आहे. उ, च आणि ल, तीन अक्षरे, एकही मात्रा नाही. चर्चा झाल्यावर शब्द फळ्यावर येतो, अक्षरे सुटी होतात आणि त्यांच्यातून पहिल्याच बैठकीत 'चल' तयार होतो. काना शिकवला की 'चाल', 'लाल', 'लाच', 'उचला' हे शब्द हाती येतात. उकार शिकवला की 'चूल' आणि 'चालू' येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिकणारी बाई 'लाल चूल' वाचते आणि आपल्याला वाचता येते हे तिला स्वतःला कळते. यापुढे कोयता, मोळी, टन, गाडी, पावती असे शब्द घेत गेले की बाराखडीचा बराच भाग आपोआप येतो. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होत असल्याने हा वर्ग गावात पावसाळ्यात भरवावा लागतो, हेही याच उदाहरणातून ध्यानात घ्यावे.

देवनागरीच्या काही जागा प्रौढांना हमखास अडवतात. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, य आणि थ या जोड्यांतली अक्षरे सारखी दिसतात. ती एकाच दिवशी शिकवू नयेत. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते पण लिहिताना आधी काढली जाते, म्हणून 'कि' वाचताना नवशिका अडखळतो. 'सूर्य' मधला रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. जोडाक्षरे शेवटी ठेवावीत असा सर्वसाधारण नियम असला तरी शिकणारीचे नाव लक्ष्मीबाई असेल तर 'क्ष्मी' पहिल्याच आठवड्यात लागते. अशा वेळी नाव चित्रासारखे गिरवू द्यावे आणि त्यातली अक्षरे पुढे एकेक करून उलगडावीत.

आणखी एक अडचण मोबाइलमुळे आली आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. अनेक मोबाइलवर मात्र या दोन अक्षरांची हिंदी वळणे दिसतात. फळ्यावर शिकलेला ल संदेशात वेगळा दिसला की नवसाक्षर गोंधळतो. दोन्ही वळणे शेजारी लिहून दाखवली की पाच मिनिटांत शंका फिटते.

आकडे आणि हिशेब

हिशेबात प्रौढ पुष्कळदा शिकवणाऱ्याच्या पुढे असतो. पाऊण किलोचा भाव भाजीवाली तोंडी चटकन सांगते. तिला कमी पडते ते आकडे लिहिणे आणि स्थानिक किंमत समजणे. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर; म्हणून ऐकून लिहिणारा ३६ लिहून मोकळा होतो. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'साठ तीन' सारखी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. प्रौढांच्या वर्गात जुना शब्द तसाच ठेवावा, आणि दहाच्या नोटा व सुटी नाणी मांडून सहा दहा आणि तीन सुटे हे हाताने दाखवावे.

नोटेइतके चांगले शिक्षणसाहित्य दुसरे नाही. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेतल्या नोटांवर रक्कम इंग्रजी आकड्यांत असते तशी देवनागरी आकड्यांतही असते. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते. तिच्यात मराठी आठवी. कोंकणी, नेपाळी आणि संस्कृत या ओळीही देवनागरीतच असल्याने त्यांतून मराठीची ओळ शोधणे हा वाचनाचा नेटका सराव ठरतो. दोन्ही आकडेपद्धती शेजारी ठेवून शिकवणे आवश्यकच आहे, कारण देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा, १ हा इंग्रजी नवासारखा आणि ७ हा इंग्रजी सहासारखा भासतो. बसचा क्रमांक, फोन नंबर आणि गोळ्यांची तारीख यांत ही चूक महागात पडते.

इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी शिकायला येणारे दोन प्रकारचे असतात. एकाला मराठी लिहिता-वाचता येते आणि नोकरीसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी इंग्रजी हवे असते. दुसऱ्याला कोणतीच लिपी येत नाही आणि तरी इंग्रजीच शिकायचे असते, कारण मान इंग्रजीला आहे असे त्याला वाटते. दुसऱ्याची इच्छा मोडू नये, पण वाचनाची पहिली घडण त्याला बोलता येणाऱ्या भाषेतच करावी. ज्या शब्दाचा अर्थ आधीच ठाऊक आहे, त्याचीच अक्षरे जुळवणे सोपे जाते. त्याच वेळी तोंडी इंग्रजी चालू ठेवता येते. शहरातल्या वर्गात बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटक किंवा तेलंगणातून आलेले कामगारही असतात. त्यांची बोलीभाषा कोणती हे आधी विचारावे.

मराठी माणूस इंग्रजीकडे रिकाम्या हाताने येत नाही. टेबल, डॉक्टर, तिकीट, स्टँड, पेशंट, रिचार्ज, बॅलन्स असे शेकडो शब्द त्याच्या तोंडात आहेत. पहिल्या दिवशी असे शब्द फळ्यावर मांडले की आपल्याला बरेच इंग्रजी येते हे त्याला दिसते. मग त्यांची इंग्रजी अक्षरे, त्यांचा मूळ उच्चार आणि वाक्यातला उपयोग शिकवायचा. इंग्रजी वर्णमाला सव्वीस अक्षरांची असली तरी पाट्यांवर मोठी आणि मजकुरात लहान अक्षरे येतात, त्यामुळे शिकणाऱ्याला जवळजवळ दुप्पट आकृत्या ओळखाव्या लागतात. लहान लिपीतली बी, डी, पी आणि क्यू ही चार अक्षरे एकाच आकृतीची उलटसुलट रूपे असल्याने ती वेगवेगळ्या दिवशी घ्यावीत.

उच्चारांत ठरावीक अडचणी येतात. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी मराठीत एकच व आहे. शिप आणि शीप यांत इंग्रजीत अर्थच बदलतो, तर मराठी बोलण्यात र्‍हस्व-दीर्घाने अर्थ फार क्वचित बदलतो. बॅट आणि बॉल यांतले ॲ आणि ऑ हे स्वर मराठीने इंग्रजी शब्दांबरोबरच घेतले आहेत. शहरी कानाला ते सवयीचे असतात, खेड्यातल्या वयस्कांना मुद्दाम ऐकवावे लागतात. वाक्यरचनेत फरक अधिक मोठा आहे. मराठी क्रियापद शेवटी येते, इंग्रजी क्रियापद कर्त्यामागोमाग. 'टेबलावर' मधले 'वर' नामानंतर येते, इंग्रजीत ते नामाच्या आधी जाते. 'अ' आणि 'द' सारखी उपपदे मराठीत नाहीतच. हे नियम म्हणून सांगण्यापेक्षा एका वाक्याच्या साच्यात वेगवेगळे शब्द बसवून घेतले की जिभेवर लवकर बसतात.

आदराची रीतही वेगळी. मराठीत 'पाणी द्या' यातल्या अनेकवचनातच आदर येतो. तेच इंग्रजीत शब्दशः म्हटले तर हुकमासारखे वाटते. तिथे विनंतीचा शब्द जोडावा लागतो किंवा प्रश्नाचे रूप वापरावे लागते. हॉटेलात, रुग्णालयात किंवा घरकामाला असणाऱ्या माणसासाठी हा फरक पोटापाण्याचा आहे.

इंग्रजीच्या तासात निम्म्याहून अधिक वेळ शिकणाऱ्याने बोलायला हवे. केसपेपरच्या खिडकीवरचा संवाद, नोकरीच्या मुलाखतीतले पहिले तीन प्रश्न, शाळेतल्या बाईंशी पालकसभेतले बोलणे हे प्रसंग जोडीने करून घ्यावेत. प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली तर माणूस बोलायचा थांबतो. म्हणून बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि अर्थ बिघडवणारी एक-दोन वाक्ये नंतर सर्वांसमोर, कोणाचे नाव न घेता, नीट करून दाखवावीत. वाचनासाठी औषधाची पट्टी उत्तम. तिच्यावर उत्पादनाचा आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष असे दोन्ही छापलेले असतात. कोणता कोणता हे ओळखता आले तर त्या दिवसाचा धडा सार्थकी लागला.

स्वयंसेवकाची वागणूक

वर्गातले नाते बरोबरीचे असावे. शिकणाऱ्याला 'तुम्ही' म्हणावे. मावशी, काका, आजी, ताई हे गावात जे संबोधन चालते तेच वर्गात वापरावे. 'अडाणी' आणि 'अंगठाबहाद्दर' हे शब्द चेष्टेतही येऊ नयेत. बसण्यात जातीची किंवा वस्तीची रांग तयार होऊ देऊ नये. कोणालाही एकदम सर्वांसमोर वाचायला उभे करू नये. घरी आई शिकायला जाते म्हणून मुलाने तिची टिंगल करू नये, यासाठी मुलालाच रोज पाच मिनिटे तिचे वाचन ऐकायला सांगावे.

मदत आणि मिंधेपणा यांतली रेषा सांभाळावी लागते. फॉर्म स्वतः भरून देणे सोपे असते; पण शिकणाऱ्याच्या हातात पेन देऊन, वेळ लागला तरी त्याच्याकडूनच भरून घेणे हे शिक्षण. एटीएमचा पिन आणि बँकेचा ओटीपी स्वयंसेवकाने कधीही विचारू नये. तो कोणालाही सांगायचा नसतो हे शिकवणे हाच साक्षरतेचा एक महत्त्वाचा धडा आहे. कर्ज, नवऱ्याचा त्रास, जमिनीचा वाद अशा गोष्टी वर्गात कानांवर पडतात. त्या वर्गाबाहेर जाऊ नयेत, आणि त्यांत आपण सल्लागार बनण्याऐवजी योग्य कार्यालयाची किंवा संस्थेची वाट दाखवावी.

स्वयंसेवकाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे नियमितपणा. दिवसभर राबून, घरच्यांचे बोलणे ऐकून बाई वर्गाला येते आणि शिकवणारा आलेला नसतो, असे दोनदा झाले की ती तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून आठवड्यातले दोनच दिवस जमणार असतील तर दोनच कबूल करावेत आणि ते पाळावेत. जागा आणि वेळ शिकणाऱ्यांनी ठरवावी : समाजमंदिर, शाळेची खोली, अंगणवाडी किंवा एखाद्या घराचा ओटा, जेवणखाण आटोपल्यावर किंवा दुपारच्या विसाव्याला. बाजाराचा दिवस, पेरणी, काढणी आणि सणवार सोडून वेळापत्रक करावे. लहान मुले आईबरोबर येणारच. त्यांच्यासाठी कोपऱ्यात खडू-पाटी ठेवावी.

सरकारी कार्यक्रम आणि चाचणी

केंद्र सरकारचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखला आहे. पाच वर्षांत पाच कोटी प्रौढांपर्यंत पोहोचणे हे त्याचे लक्ष्य आणि १०३७.९० कोटी रुपये ही त्याची तरतूद. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, महत्त्वाची जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण ही त्याची पाच अंगे आहेत. संपूर्ण कार्यक्रम स्वयंसेवेवर चालतो : निरक्षरांची नोंद होते, स्वयंसेवकाची नोंद होते आणि दोघांची जोडणी केली जाते. शिकून झाल्यावर वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० म्हणजे एकूण १५० गुणांची चाचणी होते. मे २०२५ मध्ये मिझोराम आणि गोवा ही राज्ये या कार्यक्रमाच्या निकषावर पूर्ण साक्षर जाहीर झाली. त्यासाठी ९५ टक्क्यांची पातळी धरली जाते.

प्रमाणपत्र हाती आले की नवसाक्षराची मान ताठ होते, म्हणून चाचणीची तयारी मनापासून करून घ्यावी. परीक्षा या शब्दानेच घाबरणाऱ्यांसाठी आधी घरच्यासारखी एक सराव चाचणी घ्यावी. मात्र प्रगतीची खरी नोंद स्वयंसेवकाच्या वहीत असते : कोणाला या महिन्यात बसची पाटी वाचता आली, कोणी विजेच्या बिलातली रक्कम आणि शेवटची तारीख शोधली, कोणी स्वतः संदेश लिहून पाठवला. या नोंदी शिकणाऱ्यालाही दाखवाव्यात. आपण कुठून कुठे आलो हे दिसले की तो पुढे येत राहतो.

साक्षर झाल्यानंतर

नव्याने आलेले वाचन वापरले नाही तर काही महिन्यांत पुसट होते. त्यामुळे वर्ग संपण्याआधीच पुढची सोय लावावी. गावातल्या वाचनालयाचे सदस्यत्व, मोठ्या टाइपातली छोटी पुस्तके, रोज वर्तमानपत्राचे ठळक मथळे मोठ्याने वाचण्याचा गट, बचत गटाची वही आळीपाळीने लिहिण्याची पद्धत हे सोपे उपाय आहेत. पुढे शिकायचे असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर आहेत, त्यापुढे दहावी आणि बारावी आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच काम करते. इंग्रजीच्या शिकणाऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा जमणारा बोलण्याचा गट पुरेसा ठरतो; तो त्यांनी स्वतःच चालवावा.

अशा गटात बहुधा कोणी एक पुढाकार घेते. जी बाई वर्षापूर्वी आपले नाव गिरवत होती, ती शेजारणीला तिचे नाव गिरवायला शिकवू लागते. तिला शिकवण्यातल्या अडचणी कोणाही बाहेरच्यापेक्षा अधिक कळतात, कारण त्या तिने नुकत्याच ओलांडलेल्या असतात. म्हणून नवसाक्षरांमधूनच पुढचे स्वयंसेवक तयार करणे हे कामाचे अंग मानावे : त्यांना वर्गात मदतीला घ्यावे, एखादा धडा त्यांच्याकडून घ्यावा आणि हळूहळू एक गट त्यांच्यावर सोपवावा. शिकणारा आपला फॉर्म आपण भरतो, आपले पासबुक आपण वाचतो, आपला प्रश्न आपण इंग्रजीत विचारतो, आणि त्याला स्वयंसेवकाची गरज उरत नाही, तेव्हा त्याच्यापुरते हे काम पूर्ण झाले असे समजावे.